प्रयोगशाळेतील कर्कपेशी औषधाचा परिणाम कितपत अचूक सांगतात?

निरंजन_क (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात हळदीच्या धाग्यावर जी चर्चा झाली, तिच्यात दोन मते पुन्हा पुन्हा मांडली गेली. हळदीतल्या कुर्कुमिन या द्रव्याने कर्करोगाच्या पेशी मरतात हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे, तेव्हा आता शंका कसली, असे काहींचे म्हणणे होते. काचेच्या बशीत काहीही मरते, त्याला अर्थ नाही, असे इतरांचे. औषधसंशोधन हा माझा नोकरीचा विषय आहे आणि मला ही दोन्ही मते सारखीच अपुरी वाटतात. तिथे अवांतर नको, म्हणून हा वेगळा धागा काढतो आहे.

आधी पद्धत थोडक्यात सांगतो. रुग्णाच्या गाठीतून किंवा छाती-पोटात साठलेल्या पाण्यातून काढलेल्या पेशी पोषक द्रवात ठेवल्या, तर बहुतेक वेळा काही दिवसांत मरतात; क्वचित एखाद्या रुग्णाच्या पेशी मात्र न थांबता विभाजित होत राहतात आणि पिढ्यान्‌पिढ्या वाढवता येतात. अशा वाणाला सेल लाइन म्हणतात. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीपासून जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेली हेला ही मानवी पेशींची अशी पहिली लाइन. औषध तपासताना ९६ किंवा ३८४ खळग्यांच्या प्लेटमध्ये पेशी पेरतात, खळग्यागणिक औषधाची मात्रा पायरीपायरीने वाढवतात, दोन-तीन दिवसांनी किती पेशी उरल्या ते मोजतात आणि पेशींची संख्या निम्म्यावर आणणारी मात्रा काढतात. तिला आयसी५० म्हणतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस नऊ प्रकारच्या कर्करोगांच्या साठ लाइन्सचा संच उभा केला. त्याआधी नवी रसायने प्रामुख्याने रक्ताचा कर्करोग झालेल्या उंदरांवर तपासली जात, आणि त्यामुळे घट्ट गाठींवरची औषधे निसटून जात असावीत अशी शंका होती. फुफ्फुसाच्या लाइन्स मारणारे औषध फुफ्फुसाच्या रुग्णाला लागू पडेल, आतड्याच्या लाइन्स मारणारे आतड्याच्या, अशी ही आशा होती. ती फारशी फळाला आली नाही. त्याच संस्थेच्या संशोधकांनी २००१ साली ३९ औषधांची प्रयोगशाळेतली, उंदरांतली आणि रुग्णांवरची कामगिरी ताडून पाहिली, तेव्हा अवयवाला अवयव असा मेळ फारसा बसताना दिसला नाही. या संचाचा खरा उपयोग निराळाच निघाला. कोणत्या लाइन्स बळी पडतात आणि कोणत्या तग धरतात, या नमुन्यावरून औषध पेशीच्या कोणत्या यंत्रणेवर घाव घालते, हे ओळखता येते. बोर्टेझोमिब या औषधाचा नमुना तोवरच्या कुठल्याच औषधाशी जुळत नव्हता, म्हणून ते वेगळ्या वाटेने काम करत असावे असा तर्क बांधता आला. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेतील कर्करोगासाठी त्याला २००३ मध्ये मंजुरी मिळाली.

माझे मत असे की सेल लाइन जनुकीय बिघाडाबद्दल बोलते, अवयवाबद्दल किंवा रुग्णाबद्दल नव्हे. औषधाचा घाव ज्या बिघाडावर आहे, तो बिघाड पेशीत असेल आणि पेशीचे जगणे त्यावरच अवलंबून असेल, तर बशीतले उत्तर बहुधा रुग्णातही टिकते. जेफिटिनिब हे औषध काही मोजक्याच फुफ्फुस-रुग्णांत चमत्कारासारखे काम करत होते. २००४ मध्ये बॉस्टनच्या दोन गटांनी दाखवले की अशा रुग्णांत ईजीएफआर जनुकात विशिष्ट उत्परिवर्तने असतात, आणि तेच उत्परिवर्तन असलेली एच३२५५ ही लाइन इतर फुफ्फुस-लाइन्सपेक्षा कितीतरी पटींनी कमी मात्रेत मरत होती. २००७ मध्ये एचसीसी८२७ ही लाइन जेफिटिनिबमध्ये मुद्दाम वाढवून तिला प्रतिकारक्षम केले गेले. तिच्यात मेट या जनुकाच्या प्रती वाढलेल्या आढळल्या, आणि औषध लागू पडेनासे झालेल्या काही रुग्णांच्या गाठींतही तेच सापडले. म्हणजे रोग पुढे कोणत्या वाटेने निसटेल, हेदेखील बशीने दाखवले होते.

याउलट एकाच औषधाची दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. ओलापॅरिब ज्या गटातले आहे, ती पार्प-रोधक द्रव्ये बीआरसीए जनुक निकामी झालेल्या पेशींना मारतात हे २००५ साली बशीत दिसले, आणि २०१४ मध्ये बीआरसीए-बाधित अंडाशयाच्या कर्करोगावर ओलापॅरिबला अमेरिकेत मंजुरी मिळाली. २०१२ मध्ये शेकडो लाइन्सच्या मोठ्या चाचणीत युइंग सार्कोमा या हाडांच्या कर्करोगाच्या लाइन्सही याच औषधाला विशेष संवेदनशील आढळल्या आणि लगोलग रुग्णांवर चाचणी झाली. बारा रुग्णांपैकी एकाचीही गाठ निकषात बसेल इतकी लहान झाली नाही. पहिल्या उदाहरणात पेशीची डीएनए-दुरुस्तीची एक वाट मुळातच बंद होती आणि औषधाने दुसरी बंद केली. दुसऱ्यात इतर लाइन्सपेक्षा युइंगच्या लाइन्स जास्त संवेदनशील होत्या, एवढेच काय ते ठाऊक होते. तुलनेने जास्त म्हणजे रुग्णासाठी पुरेसे, असे होत नाही.

जाणकारांनी भर घालावी.

डॉ_वसुधा

धागा आवडला. मी कर्करुग्णांवर उपचार करते, त्यामुळे दवाखान्याच्या बाजूने लिहिते.

बशीत यकृत नसते, ही साधी गोष्ट बातम्यांत कधीच येत नाही. सायक्लोफॉस्फमाइड हे आमचे रोजचे औषध. ते पेशींवर थेट टाकले तर जवळजवळ काहीच करत नाही, कारण यकृतातील विकरांनी त्याचे रूपांतर केल्याशिवाय ते सक्रिय होत नाही. प्रयोगशाळेत म्हणूनच त्याचे आधीच सक्रिय केलेले रूप वापरावे लागते. बेव्हॅसिझुमॅब गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या रोखते, आणि बशीत वाहिन्या नाहीत. पेम्ब्रोलिझुमॅबसारखी औषधे कर्कपेशीला हातच लावत नाहीत, रुग्णाच्या टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशींवरचा लगाम सोडवतात. गेल्या पंधरा वर्षांत आमच्या क्षेत्रात झालेला सर्वांत मोठा बदल निव्वळ कर्कपेशींच्या प्लेटवर कधीच दिसला नसता.

>> सेल लाइन जनुकीय बिघाडाबद्दल बोलते, अवयवाबद्दल नव्हे

इथे मात्र थोडी असहमती आहे. बीआरएएफ जनुकातील व्ही६००ई हे उत्परिवर्तन असलेल्या मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) सुमारे निम्म्या रुग्णांत व्हेम्युराफेनिब या बीआरएएफ-रोधक औषधाने गाठी लहान होतात. नेमके तेच उत्परिवर्तन असलेल्या आतड्याच्या कर्करोगात २१ रुग्णांपैकी एकालाच उपयोग झाला. बिघाड तोच, अवयव वेगळा, आणि उत्तरही वेगळे.

निरंजन_क

डॉक्टर, तुमचा आक्षेप रास्त आहे आणि माझे वाक्य मी थोडे सुधारून घेतो: बिघाड, आणि त्या पेशीत त्याच्याभोवती असलेले बाकीचे जाळे. परंतु या उदाहरणाचा पुढचा भाग बशीच्या बाजूने जातो. आतड्याच्या पेशी असे का वागतात, याचे उत्तर ॲमस्टरडॅमच्या गटाने २०१२ मध्ये आतड्याच्या सेल लाइन्सवरच शोधले. बीआरएएफ रोखले की या पेशींत ईजीएफआर (पेशीला वाढीचा निरोप देणारे प्रथिन) उसळून वर येतो आणि वाढीचा निरोप दुसऱ्या वाटेने चालू राहतो. मेलानोमाच्या पेशींत ईजीएफआर मुळात कमी असल्याने तिथे असे होत नाही. त्यावरून दोन्ही वाटा एकदम रोखण्याची कल्पना निघाली, आणि २०२० मध्ये अमेरिकेत एन्कोराफेनिब व सेटुक्सिमॅब ही जोडी याच रुग्णांसाठी मंजूर झाली. आतड्याच्या लाइन्सकडे आधीच नीट पाहिले असते, तर रुग्णांवरच्या त्या निराशेचा अंदाज आला असता असे मला वाटते.

गणकयंत्र

संख्याशास्त्राच्या बाजूने एक जुना वाद इथे नोंदवतो, कारण या विषयाचा खरा कस तिथे लागला.

मार्च २०१२ मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन प्रचंड अभ्यास आले, एक अमेरिकेतील ब्रॉड संस्था आणि नोव्हार्टिस यांचा, दुसरा इंग्लंडमधील सँगर संस्था आणि मॅसॅच्युसेट्स जनरल यांचा. दोघांनी शेकडो लाइन्सची जनुकीय माहिती आणि औषधांना मिळालेला प्रतिसाद एकत्र मांडला होता. २०१३ मध्ये तिसऱ्या गटाने दोन्हींत समान असलेली १५ औषधे आणि ४७१ लाइन्स घेऊन तुलना केली. जनुकांच्या अभिव्यक्तीची (कोणते जनुक किती सक्रिय आहे याची) मापे छान जुळली, औषधांच्या प्रतिसादाची मात्र जुळली नाहीत. रुग्णाची गोष्ट तर दूरच, एका प्रयोगशाळेची बशी दुसऱ्या प्रयोगशाळेच्या बशीचेही भाकीत करू शकत नाही, अशी टीका झाली. मूळ गटांनी २०१५ मध्ये विश्लेषण बदलून मेळ पुष्कळ बरा असल्याचे दाखवले, पण वाद पूर्णपणे मिटला असे म्हणता येत नाही.

माझ्या मते दोन्ही बाजू एका अर्थी बरोबर होत्या. नेमक्या घावाच्या औषधाला बहुतेक लाइन्स दाद देत नाहीत, मोजक्याच देतात. दाद न देणाऱ्या चारशे लाइन्समधला फरक हा मोजमापाचा गोंगाट असतो आणि दोन गोंगाट एकमेकांशी जुळत नाहीत. मोजक्या संवेदनशील लाइन्स पाहिल्या, तर त्या दोन्हीकडे बहुधा त्याच निघतात. सर्व लाइन्सचा एकत्रित सहसंबंध काढला की हा फरक झाकला जातो.

दुसरी अडचण आयसी५० याच आकड्यात आहे. तीन दिवसांत तीनदा दुप्पट होणारी लाइन आणि एकदाच होणारी लाइन यांच्यावर औषधाचा परिणाम अगदी सारखा असला, तरी झपाट्याने वाढणारी लाइन अधिक संवेदनशील दिसते, कारण शेवटी मोजलेल्या संख्येत वाढीचा वेग मिसळलेला असतो. २०१६ मध्ये हार्वर्डच्या गटाने सुरुवातीची पेशीसंख्या लक्षात घेऊन दर विभाजनामागे होणारा परिणाम मोजण्याची पद्धत सुचवली. ती सोपी आहे, सयुक्तिक आहे, आणि तरीही बहुसंख्य निबंध अजून जुनाच आकडा छापतात याचे मला नवल वाटते.

रेणुका_ठाणे

मी काही वर्षे सेल कल्चरचे काम केले आहे. वरच्या चर्चेत आपण गृहीत धरले आहे की प्लेटमध्ये ज्या पेशी आहेत त्या लेबलवर लिहिलेल्याच आहेत. ते गृहीत धरू नये.

हेला इतकी जोमदार आहे की एखादा थेंब इकडचा तिकडे गेला तरी ती दुसऱ्या लाइनला गिळून टाकते. स्टॅनली गार्टलर यांनी १९६६ मध्येच दाखवले होते की वेगवेगळ्या नावांनी वापरल्या जाणाऱ्या अनेक लाइन्स प्रत्यक्षात हेलाच आहेत, आणि ते तेव्हा कोणाला रुचले नाही. आज चुकीच्या ओळखीच्या लाइन्सच्या आंतरराष्ट्रीय यादीत पाचशेहून अधिक नावे आहेत. एमडीए-एमबी-४३५ ही लाइन स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वर्षानुवर्षे वापरली गेली, आणि ती एम१४ या मेलानोमाच्या लाइनशी जनुकीयदृष्ट्या एकरूप निघाली. निरंजन यांनी उल्लेखलेल्या साठच्या संचात ती स्तनाच्या गटातच बसवलेली होती. अंडाशयाच्या कर्करोगात सर्वाधिक वापरल्या गेलेल्या एसके-ओव्ही-३ आणि ए२७८० या लाइन्स सर्वांत जास्त आढळणाऱ्या, घातक प्रकाराच्या प्रतिनिधी नसाव्यात, असे २०१३ मधील जनुकीय तुलनेत दिसले. चुकीच्या माणसाला प्रश्न विचारून उत्तर चुकले म्हणण्यासारखे हे आहे.

ओळख बरोबर असली तरी लाइन स्थिर राहत नाही. एमसीएफ-७ ही स्तनाच्या कर्करोगाची लाइन १९७० पासून जगभर हातोहात गेली आहे. २०१८ मध्ये ब्रॉड संस्थेच्या गटाने तिचे २७ वाण गोळा करून ३२१ द्रव्यांवर तपासले. काही वाणांना जोरदार रोखणाऱ्या द्रव्यांपैकी किमान तीन चतुर्थांश द्रव्ये दुसऱ्या काही वाणांवर पूर्णपणे निष्प्रभ ठरली. नाव एकच, मूळ रुग्ण एकच, आणि तरी ही स्थिती.

शिवाय पोषक द्रव. सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका माध्यमात ग्लुकोजचे प्रमाण आपल्या रक्तशर्करेच्या मापात ४५० असते! २०१७ मध्ये मानवी रक्तद्रवाच्या घटकांशी जुळणारे माध्यम तयार केले गेले, तेव्हा आढळले की त्यातल्या युरिक आम्लामुळे पेशी ५-फ्लुओरोयुरॅसिल या केमोथेरपीच्या औषधाला कमी दाद देतात. हे आम्ल नेहमीच्या माध्यमात नसते आणि उंदरांच्या रक्तातही माणसाच्या मानाने फारच थोडे असते, म्हणजे हा परिणाम बशीत आणि उंदरात दोन्हीकडे दडून राहिला असता.

जाता जाता, हेलाच्या त्या प्रयोगशाळेचा मुंबईशी थेट संबंध आहे. डॉ. कमल रणदिवे जॉर्ज गाय यांच्याकडे उती-संवर्धन शिकून परतल्या आणि परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली अशी पहिली प्रयोगशाळा उभी केली. आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग इतका जास्त असूनही जगभरच्या संग्रहांत भारतीय रुग्णांच्या लाइन्स नगण्य आहेत. जिभेच्या गाठीपासून मुंबईतच तयार केलेली एडब्ल्यू१३५१६ ही त्यांतली एक. अशा लाइन्स वाढवल्या पाहिजेत, नाहीतर आपण परक्या रोगाच्या बशीवरून इथल्या रुग्णाचे अंदाज बांधत राहू.

पाटीलबुवा

चर्चा समजेल तितकी वाचली. एक व्यावहारिक प्रश्न आहे. जुन्या लाइन्स इतक्या बेभरवशाच्या असतील, तर रुग्णाच्या स्वतःच्याच गाठीतल्या पेशी काढून त्यांच्यावर औषधे तपासून मग उपचार ठरवणे शक्य नाही का? माझ्या मेहुण्यांना अशी चाचणी एका खाजगी प्रयोगशाळेने सुचवली होती आणि तिचा खर्च बराच होता.

डॉ_वसुधा

पाटीलबुवा, तुमच्या मेहुण्यांच्या उपचारांबद्दल इथे सल्ला देणे योग्य होणार नाही, ते त्यांच्या डॉक्टरांशीच बोलावे. सर्वसाधारण स्थिती मात्र सांगते. अमेरिकेतील वैद्यकीय कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये पुराव्यांचा आढावा घेऊन म्हटले की अशा चाचण्यांवरून केमोथेरपी निवडणे हे अधिकृत संशोधन-चाचणीच्या बाहेर करू नये. तेव्हा एखाद्या विशिष्ट चाचणीचा आधार घेऊन उपचार ठरवलेल्या रुग्णांचे आयुष्य त्याशिवाय उपचार घेतलेल्यांपेक्षा वाढले आहे का, असा प्रश्न तुम्ही अवश्य विचारा. गाठीचा जनुकीय तपास ही वेगळी गोष्ट आहे. फुफ्फुसाच्या कर्करोगात तो आज नेहमीच्या उपचारांचाच भाग आहे.

निरंजन_क

पाटीलबुवांचा प्रश्न मुद्द्याचा आहे, कारण सध्याचे बरेच संशोधन त्याच दिशेने चालले आहे. रुग्णाच्या गाठीतल्या पेशी जेलीसारख्या आधारद्रव्यात त्रिमितीय वाढवल्या की त्यांचे छोटे गोळे तयार होतात, त्यांना ऑर्गनॉइड म्हणतात. २०१८ मध्ये लंडनच्या गटाने पचनसंस्थेच्या पसरलेल्या कर्करोगांत ऑर्गनॉइडचा आणि त्याच रुग्णाचा प्रतिसाद ताडून पाहिला. ऑर्गनॉइडवर जे औषध चालले नाही, ते त्यांच्या नोंदींत रुग्णातही एकदाही चालले नाही. ऑर्गनॉइडवर चाललेले सुमारे ८८ टक्के वेळा रुग्णात चालले. आकडे छान आहेत, पण तुलना होत्या फक्त २१. नेदरलँड्समध्ये २०१९ च्या अभ्यासात आतड्याच्या कर्करोगात इरिनोटेकॅन या औषधाबद्दलचे भाकीत ८० टक्क्यांहून अधिक रुग्णांत बरोबर आले, तर ५-फ्लुओरोयुरॅसिल आणि ऑक्झॅलिप्लॅटिन या जोडीबद्दल ते जमलेच नाही.

आणि जेव्हा ऑर्गनॉइडवरून औषध निवडून ते रुग्णांना प्रत्यक्ष दिले गेले, तेव्हा काय झाले? त्याच देशातील पुढच्या अभ्यासात साठेक रुग्णांपैकी निम्म्यांच्या आसपास ऑर्गनॉइड वाढवता आले, त्यावरून ठरवलेले औषध शेवटी सहांनाच मिळाले, आणि त्या सहांपैकी एकाचीही गाठ अपेक्षेप्रमाणे आकसली नाही. ‘हे चालणार नाही’ असे सांगण्यात ऑर्गनॉइड ‘हे चालेल’ असे सांगण्यापेक्षा अधिक विश्वासार्ह आहे, असा माझा आजचा अंदाज आहे. केमोथेरपीचे निरर्थक हाल टाळण्यासाठी तेवढेही पुष्कळ ठरेल, पण त्यासाठी मोठ्या यादृच्छिक चाचण्या हव्यात.

सौदामिनी

मूळ हळदीच्या धाग्यावर कुर्कुमिनची बाजू मीच मांडली होती. वरचे सारे वाचूनही एक शंका उरते. कुर्कुमिनने इतक्या वेगवेगळ्या सेल लाइन्स मरतात. एक लाइन खोटी असेल, दुसरी बदललेली असेल, पण सगळ्याच कशा चुकतील?

निरंजन_क

सगळ्या लाइन्स मरतात, हेच माझ्या दृष्टीने शंकेचे कारण आहे. बिघाड कुठलाही असो, पेशी मरतेच, याचा अर्थ औषध कोणताही भेद करत नाही, आणि मग निरोगी पेशींनी काय पाप केले आहे? जेफिटिनिबच्या गोष्टीत बाकीच्या लाइन्स मेल्या नाहीत, म्हणूनच एच३२५५ च्या मरण्याला किंमत होती.

दुसरे म्हणजे मात्रा. बशीत कुर्कुमिन साधारणपणे ५ ते ५० मायक्रोमोलर या पट्ट्यात वापरतात. २००१ च्या एका चाचणीत माणसांना रोज ८ ग्रॅम शुद्ध कुर्कुमिन दिले, तेव्हा रक्तातील सर्वोच्च पातळी सरासरी १.८ मायक्रोमोलरच्या आसपास होती, तीही थोडा वेळ. त्यातून ते रासायनिकदृष्ट्या अस्थिर आहे, रक्तद्रव न घातलेल्या माध्यमात काही मिनिटांतच त्याचे विघटन सुरू होते, आणि ते स्वतः प्रकाशमान व अनेक प्रथिनांना चिकटणारे असल्याने कित्येक चाचण्यांत खोटा होकार देते. २०१७ मध्ये औषध-रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा सविस्तर आढावा घेऊन हेच दोष दाखवले. हळद भाजीत घालण्याला माझा अर्थातच विरोध नाही.

गणकयंत्र

एक मुद्दा राहून जातो आहे. पहिल्या टप्प्याच्या चाचणीत शिरणाऱ्या कर्करोगाच्या औषधांपैकी सुमारे ५ टक्केच मंजुरीपर्यंत पोहोचतात, आणि हा आकडा सेल लाइन्सच्या अपयशाचा पुरावा म्हणून नेहमी पुढे केला जातो. तो तसा नाही. रुग्णांपर्यंत पोहोचणारी बहुतेक औषधे बशीत पास झालेलीच असतात. बशीने नापास केलेली माणसांवर कोणी देऊन पाहत नाही. त्यामुळे होकार किती खोटे ठरले हे आपल्याला कळते, नकार किती खोटे होते हे मोजायला आकडेच नाहीत. शिवाय त्या ९५ टक्क्यांत विषारीपणा, चुकीची मात्रा, चुकीचे रुग्ण निवडणे आणि कंपनीने आर्थिक कारणाने माघार घेणे हे सारे मिसळलेले आहे.

निरंजन_क

मान्य. खोट्या नकारांची थोडी कल्पना आडवाटेने आलेल्या औषधांवरून येते. सायक्लोफॉस्फमाइडचा उल्लेख डॉक्टरांनी केलाच आहे. थॅलिडोमाइड हे दुसरे: ते नव्या रक्तवाहिन्या रोखते एवढ्या आधारावर मल्टिपल मायलोमाच्या रुग्णांना दिले गेले आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इतर उपचार थकलेल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांना उपयोग झाला. ते सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला चिकटते, हे २०१० मध्ये कळले. त्यामुळे मायलोमाच्या पेशींना जगायला लागणारी दोन प्रथिने नष्ट होतात, हे त्यानंतर. उंदराच्या सेरेब्लॉनमध्ये मोक्याच्या जागी एकच अमिनो आम्ल वेगळे आहे आणि तेवढ्याने उंदरात ही दोन प्रथिने नष्ट होत नाहीत. ही यंत्रणा अखेर उलगडली ती मानवी मायलोमाच्या सेल लाइन्सवर.